एकशे अठराव्या रस्त्यावरची इमारत

माझ्या मेहुण्याला न्यू जर्सीत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी आहे. २०१९ साली त्याच्याकडे बाळ झाले. मदतीला ताई हवी म्हणून त्याने तिकिटे पाठविली. ऑफिसातून वीस दिवसांची रजा मंजूर करून घेतली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही उभयता निघालो. निघताना वस्तीतल्या लोकांनी एकच सांगितले, "बाबासाहेब शिकले ते विद्यापीठ बघून या." बारावीची परीक्षा दिलेल्या माझ्या भाचीने मात्र कागदावर प्रश्न लिहून दिला, "मामा, तिथे अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार हे विषय एकत्र शिकवतात म्हणे. बी.ए. आणि एम.ए. एकदमच होते का, ते विचारून या."

खरे सांगायचे तर तो प्रश्न मला आवडला नव्हता. "पोरीला बी.कॉम. करू दे, बँकेच्या परीक्षा देईल," असे बहिणीला मीच सांगितले होते. माझेही तसेच झाले होते. वडील परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. मी बी.कॉम. झालो तेव्हा पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करायचे मनात होते. पण कारकुनाची ऑर्डर हातात पडली आणि पुस्तके बांधून माळ्यावर गेली. घरी पगार आला, त्याचे दुःख नाही. पण जे आपल्याला जमले नाही ते दुसऱ्यालाही जमणार नाही, असे मन धरून बसते, ते वाईट.

न्यू जर्सीहून बस हडसन नदीखालच्या बोगद्यातून बेचाळिसाव्या रस्त्यावर आणून सोडते. तिथून एक नंबरची भुयारी गाडी धरली. एकशे सोळाव्या रस्त्याच्या स्टेशनवर भिंतीच्या फरश्यांतच कोलंबिया विद्यापीठाचे नाव लिहिलेले आहे. जिना चढून वर आलो की समोर फाटक.

मेहुण्याच्या ओळखीचा एक मराठी विद्यार्थी आमची वाट पाहत उभा होता. त्याने आधी हार्टले हॉल दाखविला. १९१३ च्या जुलैत बावीस वर्षांचे बाबासाहेब न्यूयॉर्कला आले, तेव्हा सुरुवातीला याच वसतिगृहात उतरले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीही तीन वर्षांसाठी. त्यातूनच घरी रमाईंना पैसे पाठवायचे. इमारत विटांची, साधी. मुले सायकली लावून आत-बाहेर करत होती. आम्ही दोघे तिथे बराच वेळ नुसते उभे राहिलो.

मग ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू ओलांडून तो आम्हाला एकशे अठराव्या रस्त्यावरच्या पंधरा मजली इमारतीत घेऊन गेला. ही आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या शाळेची इमारत. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली ही शाळा निघाली. पाहुणे म्हणून आमची नावे नोंदवून त्याने आम्हाला लेहमन ग्रंथालयात नेले. परीक्षेचे दिवस होते. मुले पुस्तकांत डोके घालून बसली होती. आणि तिथे बाबासाहेबांचा ब्राँझचा अर्धपुतळा! ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने तो १९९१ साली विद्यापीठाला भेट दिला. पत्नीने हात जोडले. माझे डोळे भरून आले.

भाचीचा कागद मी खिशातून काढला. तो मुलगा वाचून हसला. "काका, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी आणलात," म्हणाला. कोलंबिया कॉलेजच्या थोड्या विद्यार्थ्यांना पाच वर्षांची जोडवाट मिळते. तीन वर्षे कॉलेजात, तिथे अर्थशास्त्र मुख्य विषय घेता येतो. पुढची दोन वर्षे या शाळेत. एरवी बी.ए.ला चार आणि एम.ए.ला दोन अशी सहा वर्षे लागतात, त्यातले एक वाचते. इथे आल्यावर अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र कुणालाच सुटत नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या पदवीला एक परकी भाषाही यावी लागते. शेवटी काही जणांनी मिळून एखाद्या खऱ्या संस्थेचे काम करून द्यायचे.

मी विचारले, "पण हे दोन विषय एकत्र कशासाठी?" तो म्हणाला, "बाबासाहेबांनी कशासाठी केले?"

मी गप्प झालो. बाबासाहेबांनी इथे तीन वर्षांत घेतलेल्या अभ्यासक्रमांची संख्या साठ भरते. त्यांतले एकोणतीस अर्थशास्त्राचे. बाकी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषा. १९१५ साली एम.ए. झाले. तेव्हा जोड-अभ्यासक्रम असे नाव नव्हते, पण जोड त्यांनी स्वतः घातली होती.

'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला. आम्ही बी.कॉम.ला विनिमय दर शिकलो तो गुण मिळविण्यापुरता. बाबासाहेबांनी तो मजुराच्या बाजूने पाहिला. त्या काळी रुपयाचा भाव लंडनहून सांभाळला जाई. रुपया स्वस्त झाला की माल बाहेर पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला एका पौंडामागे जास्त रुपये मिळतात. पण इकडे वस्तूंचे भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून जातो. हे त्यांनी मांडले, आणि १९२५ साली चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे साक्षही दिली. माझ्या वडिलांच्या गिरणीचे कापड, त्याचा भाव, त्यांचा पगार, सगळे समुद्रापलीकडच्या हिशोबाला बांधलेले होते. वडिलांना ते कुणी सांगितले नाही. आजही तेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिककडे शेतकऱ्यांच्या कांद्याचा भाव कोसळला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही निर्यात शुल्क ठेवून. आपल्या चुलीपर्यंत जे येते ते कुठे ठरते, हे समजणारी माणसे आपल्या घरात नकोत काय?

आता पैशाचे. त्या विद्यार्थ्याने स्पष्टच सांगितले, नुसती फी वर्षाला चाळीस लाखांच्या पुढे. विद्यापीठ परदेशी मुलांनाही गरजेप्रमाणे मदत देते, पण त्यांना प्रवेश देताना मदत मागितली आहे का, तेही पाहते. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्या, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, पदव्युत्तर आणि पीएच.डी.ला आहेत, बी.ए.ला नाहीत. म्हणजे पाच वर्षांची सलग वाट आपल्या बहुतेक मुलांना बंदच. मी म्हणालो, "मग झाले! पोरीला सांगतो, नाद सोड."

त्यावर तो जे बोलला ते मी विसरलो नाही. "काका, मी तरी कुठे सलग केले? बी.ए. औरंगाबादला केले, दोन वर्षे नोकरी केली, मग शिष्यवृत्तीवर इथे आलो. बाबासाहेबांचेही सलग झाले नाही."

बरोबरच होते. बी.ए. मुंबईला, एम.ए. न्यूयॉर्कला. लंडनचे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठविले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम.एस्‌सी., १९२३ ला डी.एस्‌सी. कोलंबियाची पीएच.डी. पदवी हाती यायला १९२७ उजाडले.

परत आल्यावर बहिणीच्या घरी जाऊन मी माझा सल्ला मागे घेतला. भाचीने अर्थशास्त्रात बी.ए. केले, शिकवण्या घेत एम.ए. केले. जोड-अभ्यासक्रम मिळाला नाही. तिने वेगवेगळे तुकडे जोडले. आता आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या पदवीसाठी परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र यांसाठी मामाने खेटे घातले. कारकुनाला तेवढे येते. निकाल अजून लागलेला नाही.

वाचकहो, आपल्या घरात बारावीला कुणी असेल तर समाजकल्याण कार्यालयात जाऊन या योजनांच्या अटी आजच विचारून ठेवा. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाचा क्रमांक यांच्या अटी बदलत असतात, आणि जाहिरात निघाल्यावर दाखल्यांना वेळ पुरत नाही. आणि मुलाने, मुलीने कागदावर काही लिहून दिले, तर "आपल्याला कुठे जमणार" म्हणण्याआधी एकदा नीट वाचा. मी तो कागद खिशात घालून सातासमुद्रापार नेला, तेव्हा कुठे मला वाचता आला.