बीदरचे काम, बंगळूरची फाईल

राज्य सरकारकडे लोकांची कामे रेटणाऱ्या राजकीय सल्लागाराला भारतात परवाना लागत नाही आणि त्याची सरकारदरबारी नोंदही नसते. अमेरिकेत 1995च्या कायद्याने अशा मध्यस्थाला आपला अशील आणि मिळकत जाहीर करावी लागते. आपल्याकडे 'लॉबिस्ट' म्हटले की दलालच डोळ्यांपुढे येतो, आणि पुष्कळदा ते खोटेही नसते. बीदर-कलबुर्गीकडे हे काम आमदाराचा आप्त सहायक करतो, निवृत्त तहसीलदार करतो, वकील करतो, नाहीतर एखाद्या समाजसंघटनेचा सरचिटणीस.

या भागात त्याची गरज 1 नोव्हेंबर 1956 पासून वाढली. त्या दिवशी हैदराबाद राज्यातला जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, कलबुर्गीतले आळंदही. सोयरीक आणि बाजार लातूर-उदगीरकडे, सचिवालय मात्र जवळपास सातशे किलोमीटरवर. गाऱ्हाणे मराठीत सांगितले जाते, फाईल कन्नडमध्ये चालते. दोन्हीकडे सारखाच वावर असलेला माणूस इथे आपोआप सल्लागार होतो.

बंगळूरला मंत्र्याची भेट मिळवून देणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग. चांगले निवेदन एका पानाचे असते: विषय, गाव-तालुका, सर्व्हे नंबर, आधीच्या पत्रव्यवहाराचे संदर्भ, अंदाजे खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली बसतो ते. मंत्री समासात 'तपासून सादर करा' असा शेरा मारतात. गावकरी त्या शेऱ्याचा फोटो काढून आनंदाने परततात. मुरलेला सल्लागार मात्र आवक क्रमांक मिळेपर्यंत विधानसौध सोडत नाही. पुढे फाईल खात्याकडून वित्त विभागाकडे जाते आणि बहुतेक कामे तिथल्या एका शंकेवर आडवी होतात. त्या शंकेचे उत्तर आधीच तयार ठेवणे हीच खरी सल्लागिरी, बाकी नुसती ओळखपाळख.

मागणीला आधीचा दाखला असला की नकार देणे अवघड होते. या भागाला विशेष दर्जा देणाऱ्या संविधानातील कलम 371(जे) ची कहाणी हेच सांगते. तेलंगणासह आंध्रला 371(डी) मिळाले, मग निजामाच्याच राज्यातून आलेल्या आम्हांला का नाही, हा प्रश्न घेऊन वैजनाथ पाटील यांच्यासारखे नेते वर्षानुवर्षे लढले. केंद्रातल्या रालोआ सरकारने मागणी फेटाळली. डी. एम. नंजुंडप्पा समितीच्या 2002च्या अहवालाने मागासलेपण तालुकावार आकड्यांत मांडले होते, त्यामुळे मागणीला कागदाचे बळ होते. मल्लिकार्जुन खर्गे आणि धरमसिंग यांनी दिल्लीत जोर लावला, 2012 मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केले आणि त्याच डिसेंबरात संसदेने घटनादुरुस्ती संमत केली. आज इथल्या स्थानिक पदांत क गटात 80 टक्के, ड गटात 85 टक्के जागा स्थानिकांना राखीव आहेत. त्यासाठीचा पात्रता दाखला सहायक आयुक्त देतात, आणि सल्लागाराच्या दारातली बरीच गर्दी आता त्या दाखल्यापायीच असते.

मोबदल्याचा प्रश्न नाजूक आहे. मसुदा, सल्ला, पाठपुरावा यांचे पैसे उघड घ्यावेत. पण भ्रष्ट मार्गाने लोकसेवकावर वजन टाकण्यासाठी पैसे घेतले, तर 2018च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तीन ते सात वर्षांची कैद आहे. 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून वर रक्कम मागणारा माणूस सल्लागार नव्हे.

निवडणूक तोंडावर आली की मागण्या झटपट मान्य होतात, पण तेवढ्याच अर्ध्यामुर्ध्या. बसवकल्याणची पोटनिवडणूक समोर असताना नोव्हेंबर 2020 मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा समाजासाठी प्राधिकरण आणि 50 कोटी रुपये जाहीर केले. कन्नड संघटनांनी 5 डिसेंबरला बंद पुकारला. प्राधिकरणाचे महामंडळ झाले. 17 एप्रिल 2021 ला मतदान झाले आणि जागा भाजपने जिंकली. समाजाची मूळ मागणी मात्र आरक्षणाच्या 3ब मधून 2अ प्रवर्गात घेण्याची होती, आणि ती अजून प्रलंबित आहे.