डाव्या बाजूचा फोटो

लक्ष्याचं डोकं कुरियरने आलं तेव्हा दार आईने उघडलं. खोक्यात डोकावून तिने झाकण पुन्हा लावलं आणि विचारलं, "एवढ्याशासाठी नऊ हजार?"

डोकं जेमतेम ४ सेंटिमीटर उंच. एकास सहा या मापात अख्खा माणूस साधारण ३० सेंटिमीटरचा होतो, त्यात डोक्याच्या वाट्याला एवढंच येतं. हाँगकाँगच्या 'हॉट टॉइज'सारख्या कंपन्या या मापाच्या हुबेहूब फिगर काढतात, पण लक्ष्मीकांत बेर्डे कोण काढणार? म्हणून माझ्यासारखे लोक एकेकटे काम करणारे शिल्पकार शोधत फिरतात. शरीर वेगळं घ्यायचं, कपडे वेगळे शिवून घ्यायचे, डोकं शिल्पकाराकडून. लक्ष्याचा शिल्पकार मला पेणला सापडला. घरचा गणपतीचा कारखाना. त्यातून वेळ मिळाला की हा पोरगा कॉम्प्युटरवर चेहरे घडवतो, रेझिनमध्ये प्रिंट काढतो आणि हाताने रंगवतो.

खरी कसोटी रंगवण्यात. त्वचेला एकच रंग नसतो. पातळ थरांवर थर चढतात. नाकाच्या शेंड्याला आणि कानाच्या पाळीला लाली, डोळ्यांखाली निळसर छटा, दाढीच्या जागी करडी. शेवटी बुबुळांवर चकचकीत वार्निश. ते लागलं की डोकं आपल्याकडे बघायला लागतं.

हा नाद अप्पांमुळे लागला. अप्पा एसटीत कंडक्टर. ब्रूस ली त्यांचा देव आणि 'अशी ही बनवाबनवी' तोंडपाठ. पहिल्या पगारातून मी त्यांच्यासाठी 'गेम ऑफ डेथ'मधला पिवळ्या सूटचा ब्रूस ली मागवला, स्वस्तात मिळाला म्हणून. तो रीकास्ट निघाला. म्हणजे कुणीतरी मूळ डोक्याचा साचा काढून ओतलेली नक्कल. नाकडोळे विरघळल्यासारखे, आणि ज्याने मूळ घडवलं त्याला दमडी नाही. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. म्हणाले, "हा ब्रूस लीचा मावसभाऊ असेल."

त्यानंतर मी थेट शिल्पकाराकडूनच घ्यायचं ठरवलं. लक्ष्याची ऑर्डर अप्पांसाठीच होती. तो घरी पोचला तेव्हा अप्पांना जाऊन तीन महिने झाले होते.

मी पेणला मेसेज केला : अप्पांचं डोकं करशील?

त्याचा फोन आला. "दादा, फोटो पाठवा. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाऊण चेहरा. हसताना आणि न हसतानाचे."

लक्ष्याचे मी त्याला तीनशेच्या वर फोटो पाठवले होते, कोनांप्रमाणे लावून. गाल कसा वर जातो ते बघायला सिनेमा थांबवून थांबवून स्क्रीनशॉट काढले होते. अप्पांचे कामाचे फोटो निघाले चार. आधार कार्ड, एसटीचं ओळखपत्र, दोन समारंभातले. चारही समोरून. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या. बाकी सगळ्या सहलींच्या फोटोंत आई, मी आणि ताई. अप्पा नाहीत, कारण फोटो अप्पा काढत होते.

"बाजूचा चेहरा अंदाजाने करता येईल," तो म्हणाला, "पण तो अंदाज माझा असेल, दादा. बाहेरच्यांना चालून जातं. घरच्यांना नाही."

नऊ हजार त्याला सहज घेता आले असते.

मी आईला विचारलं, अप्पांच्या नाकाला मध्ये उंचवटा होता ना? ती म्हणाली, छे, सरळ होतं. मी म्हटलं, होता. ती म्हणाली, चौतीस वर्षं मी बघितलंय. आमचा आवाज चढला. मग दोघंही एकदम गप्प झालो, कारण दोघांनाही खात्री होती.

पण एके दिवशी तिनेच अप्पांच्या जुन्या खाकी शर्टाचं कापड काढलं आणि वीतभर शर्ट शिवला. खिसा, बिल्ल्याची जागा, सगळं. तो घातलेलं शरीर कपाटात आहे, डोक्याविना. मूर्ती करायची की नाही, आम्ही अजून ठरवलेलं नाही.

हल्ली रविवारी सकाळी मी आईला खिडकीपाशी बसवतो आणि फोटो काढतो. समोरून, उजवीकडून, डावीकडून.

"कानाचा फोटो कशाला रे?" ती विचारते.

"हलू नकोस," मी म्हणतो.