मुरगावची चार जहाजे

पाणबुडी आणि बेळगाव यांचा संबंध तो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही. आपला मुलूख घाटमाथ्यावरचा. येथे पाणी म्हणजे पावसाचे, विहिरीचे, फार तर घटप्रभा-मलप्रभेचे. समुद्र आपल्याकडे येतो तो सुक्या मासळीच्या रूपाने. तथापि आपल्यापैकी पुष्कळांची घराणी काही पिढ्यांपूर्वी गोमंतकातून वा तळकोकणातून घाट चढून आली. कुलदैवते खाली राहिली, माणसे वर आली. त्यामुळे खाली समुद्रावर काही घडले की त्याचा धक्का कधी लगेच, कधी चाळीस वर्षांनी, आपल्या ओटीपर्यंत पोचतो. आमच्या घरी तो पोचला त्याची ही हकीकत.

आमच्या आईचे एक मामा निपाणीस तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणत असू. पांढरे धोतर, काळी टोपी, आणि बोटांना कायमचा तंबाखूचा वास. बोलणे मोजके. निपाणीत ते १९४३ मध्ये आले, त्यापूर्वी मुरगाव बंदरात नोकरीस होते, एवढेच घरात ठाऊक होते. तेथून अचानक का निघाले हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसे कोठून कोठे गेली याचा हिशेब त्या काळी कोण ठेवत होते?

आधी मुरगावची गोष्ट. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा हिंदी महासागरात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांना ब्रिटिशांच्या हाती सापडण्याचे भय होते. त्यांपैकी ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जहाजे मुरगावच्या आश्रयाला आली. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे गोवाही तटस्थ. पुढे ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाजही त्यांच्या जोडीला राहिले. ही चार जहाजे काही वर्षे बंदरात नुसती नांगर टाकून उभी होती. खलाशी किनाऱ्यावर येत, बाजारहाट करीत, उधारी करीत. मामाआजोबा ज्या पेढीवर कारकून होते ती पेढी या जहाजांना भाजी, अंडी, तांदूळ पुरवीत असे. जर्मन कप्तानाच्या नावाचे खाते त्यांच्याच अक्षरात लिहिले जाई.

ब्रिटिशांचा संशय असा, की ‘एरेनफेल्स’वर एक गुप्त बिनतारी यंत्र आहे आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांच्या बातम्या त्यावरून जर्मन पाणबुड्यांना, म्हणजे यू-बोटींना, पुरवल्या जातात. तटस्थ बंदरात आरमार घुसवणे अशक्य. तेव्हा ब्रिटिशांच्या गुप्त कारवाया करणाऱ्या खात्याने एक विलक्षण तोड काढली. कलकत्त्यातील ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळाचे सभासद, म्हणजे ताग, चहा, विमा अशा कंपन्यांतील मध्यमवयीन साहेब लोक, त्यांनी निवडले. कित्येकांचे लढण्याचे वय उलटून गेलेले. ‘कलकत्ता स्कॉटिश’चेही थोडे लोक सोबत होते. ‘फीबी’ नावाची गाळ वाहून नेणारी एक जुनाट बोट कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून कोचीनला आली. ही मंडळी रेल्वेने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली. ९ मार्च १९४३ च्या रात्री ती मुरगावात शिरली. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे ही कार्निव्हालची शेवटची रात्र. पुष्कळ खलाशी गावात मौजेला गेलेले. ‘एरेनफेल्स’वर झटापट झाली, तिचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. ते जहाज पेटले, आणि उरलेल्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनी, आता आपल्यावरही हल्ला येणार अशा समजुतीने, आपली जहाजे आपणच पेटवून बुडवली. ब्रिटिशांनी या प्रकाराची कबुली दिली नाही. बाहेरच्या जगाला जवळजवळ पस्तीस वर्षांनी, १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे पुस्तक निघाले तेव्हा, ही गोष्ट सविस्तर कळली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुरगावात ही आग लागली त्या रात्री नेताजी सुभाषचंद्र बोस अटलांटिकमध्ये यू-१८० या जर्मन पाणबुडीच्या पोटात होते. फेब्रुवारीत कीलहून ते निघाले होते. २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करच्या आसपास खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून ते आणि आबिद हसन जपानी पाणबुडीत गेले. म्हणजे ज्या यंत्रणेला बातम्या जाऊ नयेत म्हणून मुरगावात रक्त सांडले, त्याच यंत्रणेने आपल्या नेताजींना जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचवले. आमच्या लहानपणी घरात नेताजींची तसबीर होती. पाणबुडी हा शब्द आम्ही प्रथम त्या तसबिरीखाली ऐकला, तोही आदराने. मामाआजोबा त्या वेळी उठून परसात जात, हे मात्र आम्हांला फार उशिरा आठवले.

लीझर यांच्या पुस्तकावर ‘द सी वुल्व्ज’ नावाचा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन अशी बडी मंडळी, आणि चित्रण गोव्यात. बेळगावात तो १९८१ च्या पावसाळ्यात लागला. निपाणीत तंबाखू उत्पादकांचे आंदोलन होऊन गोळीबार झाला तेच हे वर्ष. गावाचे मन अजून ठिकाणावर आलेले नव्हते, म्हणून मामाआजोबांना थोडे दिवस आमच्याकडे बेळगावला आणले होते. आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो, पुढे सरकारी नोकरी मिळावी म्हणून परीक्षांचा अभ्यास चालू होता आणि जगातील सर्व गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असा आमचा समज होता. चित्रपटात मुरगाव आहे म्हटल्यावर त्यांना हौसेने कॅम्पातल्या चित्रपटगृहात घेऊन गेलो. इंग्रजी त्यांना कामापुरते कळत असे. आम्ही मधूनमधून कानात सांगत होतो.

मध्यंतरानंतर ते आत आले नाहीत. बाहेर छपराखाली पावसाकडे पाहत उभे होते. घरी परतताना रिक्षात त्यांनी विचारले, “तू शिकलेला आहेस. त्या बोटीवर यंत्र होते, हे खरे?”

“खरेच. त्यावरूनच तर पाणबुड्यांना खबर जात होती,” आम्ही म्हणालो.

“मुंबईहून निघालेल्या बोटींची?”

“हो. कितीतरी बोटी त्यामुळे बुडाल्या.”

“कधीपासून? त्रेचाळीसच्या आधीपासून?”

“आधीपासूनच असणार. म्हणून तर हल्ला केला.”

ते गप्प झाले. चित्रपट पाहून दोन तास झाले नव्हते आणि आम्ही साक्षीदारासारखे बोलत होतो. पुढे महसूल खात्यात सदतीस वर्षे आम्ही लोकांना ‘याला पुरावा काय?’ असे विचारत आलो. त्या दिवशी तो प्रश्न आम्हांला कोणी विचारला नाही.

त्या रात्री त्यांनी आमच्या आईला जे सांगितले, ते आईने आम्हांला त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये सांगितले. मुरगावात त्यांच्या बिऱ्हाडाशेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्यांचा मोठा मुलगा कामाच्या शोधात होता. मामाआजोबांनी त्याला मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला पत्र लिहून दिले. तेव्हा गावोगावच्या गोवेकरांची ‘कूड’ म्हणून वसतिस्थाने मुंबईत धोबीतलाव परिसरात असत. बोटीवर काम मिळेपर्यंत खलाशी तेथे राहत. मुलगा कूडात राहिला, वाढप्याचे काम मिळाले, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात ‘सिटी ऑफ कैरो’ या बोटीवरून गेला. परत आला नाही. पुढे मुंबईहून पत्र आले, त्यात बोट जर्मन पाणबुडीने बुडवल्याचे लिहिले होते. त्याची आई वाचता न येणारी. पत्र मामाआजोबांनीच वाचून दाखवले.

दुसरी गोष्ट अशी, की त्याच वर्षी एका जर्मन खलाशाच्या सांगण्यावरून त्यांनी दोन बॅटऱ्या गावातून भारून आणून होडीने ‘एरेनफेल्स’वर पोचवल्या होत्या. कशासाठी हे त्यांनी विचारले नव्हते. दिवे लावायला असतील असे वाटले. आगीच्या रात्रीनंतर बंदरावर कुजबूज सुरू झाली तेव्हा प्रथम त्यांना त्या बॅटऱ्या आठवल्या. काही दिवसांतच ते लोंढ्याच्या गाडीत बसले, कॅसलरॉकला जकातीची तपासणी देऊन वर आले. तरी ती कुजबूजच होती. चाळीस वर्षे त्यांनी ती कुजबूज म्हणून बाजूला ठेवली असावी. आम्ही ती रिक्षात खरी करून टाकली.

‘सिटी ऑफ कैरो’ हे नाव आम्हांला पुन्हा दिसले ते २०१५ मध्ये, वर्तमानपत्रात. मुंबईहून ती बोट चांदीच्या रुपयांच्या सुमारे दोन हजार पेट्या घेऊन इंग्लंडला निघाली होती. ती चांदी दक्षिण अटलांटिकच्या तळाशी, पाच हजार मीटरहून अधिक खोलीवर सापडली आणि बरीचशी वर काढली, अशी बातमी होती. एवरेस्टच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त खोल. रुपये वर आले. निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ होता, म्हणून आम्ही त्या बोटीचे जेवढे मिळेल तेवढे वाचून काढले.

बोट एकटी, संरक्षणाशिवाय निघाली. दरबान आणि केपटाउन ही बंदरे घेत ती नोव्हेंबरच्या आरंभी अटलांटिकमध्ये शिरली. यंत्रे जुनी, धुराचा लोट मोठा. त्या सुमारास जर्मन पाणबुड्यांचा एक गट खास केपटाउनच्या पाण्यात शिकारीला पाठवलेला होता आणि ऑक्टोबरात त्याने तेथे धुमाकूळ घातला होता. त्यांतील यू-६८ च्या पहारेकऱ्यांना क्षितिजावर धूर दिसला. ६ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेस शेकडो मैलांवर कप्तान मेर्टेन याने दोन टॉर्पेडोंनी ती बुडवली. नंतर त्याची पाणबुडी होड्यांजवळ आली. त्याने जवळच्या जमिनीची दिशा सांगितली आणि बोट बुडवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून शुभरात्री म्हणून तो निघून गेला. या सौजन्याचे इंग्रजांना पुढे मोठे कौतुक वाटले. आम्हांला ते करता आले नाही. सहा होड्या उघड्या समुद्रावर राहिल्या. बोट बुडताना मेले मोजके, होड्यांत मेले ते अनेक. पाणी दिवसाला काही घोट. एक होडी एकावन्न दिवसांनी ब्राझीलजवळ सापडली, तीत दोनच जिवंत होते. सुमारे तीनशे माणसांपैकी शंभरावर गेली आणि मृतांत प्रवाशांपेक्षा खलाशी किती तरी अधिक. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी बोटींवर मेलेल्या हिंदी खलाशांचा एकूण आकडा सहा हजारांवर जातो. आपल्याकडे त्यांची आठवण कोणी फारशी काढत नाही. लष्करातल्या मराठ्यांची काढतो, ते योग्यच आहे, पण हेही आपल्याच किनाऱ्याचे होते.

आता तारखा पाहा. बोट मुंबईहून सुटल्यापासून बुडेपर्यंत पाच आठवडे गेले. मधे दोन बंदरे झाली. तिला गाठणारी पाणबुडी हिंदी महासागरात नव्हतीच, ती युरोपातून केपकडे आलेली. तिला दिसला तो धूर. हिंदी महासागराच्या आमच्या बाजूला जर्मन पाणबुड्यांचा मान्सून गट येऊन पिनांगचा तळ वापरू लागला तो १९४३ च्या उत्तरार्धात, म्हणजे मुरगावची जहाजे बुडाल्यानंतर. त्या यंत्रावरून खरोखर किती बातम्या गेल्या आणि त्यांचा किती उपयोग झाला, याविषयी अभ्यासकांनी पुढे बरीच शंका घेतली आहे. चित्रपटात मात्र शंका नसते. शक्यता शून्य आहे असे कोणताही अधिकारी कागदावर लिहिणार नाही. परंतु हे प्रकरण आमच्या टेबलावर आले असते, तर ‘बॅटऱ्यांचा आणि सदर बोटीचा संबंध दिसून येत नाही’ असा शेरा मारून आम्ही ते दप्तरदाखल केले असते.

गेल्या दिवाळीपूर्वी जुन्या पेट्या आवरताना मामाआजोबांची कागदपत्रांची पिशवी हाती लागली. तीत तंबाखूच्या वखारीच्या दोन वह्या, विम्याचा एक कागद, आणि दोऱ्यात ओवलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या होत्या. आईने १९८७ मध्येच त्या पाहिल्या होत्या, जुने काही देणे असेल म्हणून बांधून ठेवल्या. पहिली पावती १९६२ ची, गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षाची.  प्रत्येक पावती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. पत्ता वास्कोचा, नाव त्या शेजारणीचे, आणि पुढे पुढे तिच्या धाकट्या मुलाचे. आम्ही त्या टेबलावर ओळीने मांडल्या. १९६२ पासून १९८० पर्यंतच्या सगळ्या दहा रुपयांच्या आहेत. १९८१ ची पंचवीसची, आणि त्यानंतरच्याही पंचवीसच्याच.