दीड इंच

आयुष्याची अडतीस वर्षे मी लोकांच्या घरांच्या भिंती काढण्यात घालवली. काढण्यात म्हणजे कागदावर. उगाच गैरसमज नको. मी ड्राफ्ट्समन होतो. १९७१ साली टी-स्क्वेअर हाती घेतला, तेव्हा आमच्या हेडड्राफ्ट्समननी पहिला धडा दिला तो कोपऱ्याचा. दोन भिंतींच्या रेषा कोपऱ्यावर केसभर एकमेकींना ओलांडून जाऊ द्याव्यात. उण्या पडल्या तर घराला खिंडार पडल्यासारखे दिसते. रेषा फारच पुढे गेली, तर ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने अलगद खरवडायची. त्या ब्लेडने माझी बोटे जितकी कापली, तितके दाढी करताना गालही कापले नसतील.

पुढे संगणक आला. ऑटोकॅडमध्ये कोपरा जुळवायला ‘फिलेट’ नावाची आज्ञा असते. त्रिज्या शून्य ठेवून दोन रेषांवर टिचकी मारली, की आखूड असेल ती वाढते, लांब असेल ती छाटली जाते आणि दोघी नेमक्या एका बिंदूत भेटतात. डोळ्यांना जुळलेला वाटणारा कोपरा तिथे चालत नाही. पडद्यावर मोठा करून पाहावा, तो मध्ये फट! आणि फट राहिली, की भिंतीत विटांच्या तिरप्या रेषा भरायला संगणक साफ नकार देतो.

आता माझी नात आर्किटेक्चर शिकते. तिच्या ‘रेव्हिट’मध्ये तर भिंत म्हणजे नुसत्या रेषा नव्हेत. मध्ये वीट, दोन्ही अंगांना गिलावा, अशी ती थराथरांची असते. एकीचे टोक दुसरीला टेकले, की त्या आपोआप एकजीव होतात. त्यातही मानपान आहे. विटेचा मान पहिला, गिलाव्याचा शेवटचा. वीट गिलावा ओलांडून विटेला जाऊन मिळते आणि गिलावा मुकाट्याने बाजूला होतो. माणसांत बहुधा याच्या उलट असते, नाही का? आपल्याकडे गिलाव्याला गिलावा भेटतो; वीट विटेला क्वचितच.

हे सुचायचे कारण आमचे नारायण पेठेतले घर. वडिलांनी ते १९५८ साली बांधले. ते गेल्यावर दादाचे आणि माझे बिनसले. कारण सांगण्यासारखे नाही. अशा भांडणांची कारणे सांगण्यासारखी असती, तर ती भांडणे झालीच नसती. १९९८ साली चोवीस फुटी दिवाणखान्याच्या बरोबर मधोमध अर्ध्या विटेची भिंत उभी राहिली. तेव्हापासून लग्नकार्यात “कसा आहेस?” आणि श्राद्धाला “भटजी आले का?” यापलीकडे आमचे बोलणे नाही.

आता घराचा पुनर्विकास ठरला आहे. आहे त्या घराचा अचूक नकाशा हवा. कोणाच्या वाट्याला किती जागा, याचा हिशेब त्यावरच. “घरात ड्राफ्ट्समन असताना परका कशाला?” असे मी मोठ्या ऐटीत म्हणालो. नातीला दोन्ही घरांत मज्जाव नाही. तिने दोन्हीकडची मापे आणली आणि आम्ही संगणकापुढे बसलो.

मधली भिंत बाहेरच्या भिंतीला टेकवताच संगणकाने तिला आत ओढून घेतले. वीट विटेत मिसळली. जणू वडिलांनीच ती बांधली होती!

“हे खोटं आहे,” मी म्हणालो. जुन्या भिंतीला नवी जोडायची, तर जुनीत एकाआड एक थर खाचा पाडून नव्या विटा आत अडकवायच्या असतात. आमच्या गवंड्याने घाईत ती नुसती जुन्या गिलाव्याला टेकवली होती. म्हणून तर त्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग आहे. आपण ती बुजवावी आणि उन्हाळा आला की तिने पुन्हा उघडावे. नातीने भिंतीच्या टोकावर उजवी टिचकी मारून ‘डिसअलाऊ जॉइन’ निवडले आणि टोक मागे ओढून गिलाव्यापाशी ठेवले.

पण बेरीज जुळेना. माझी बाजू ३,५६८ मिलिमीटर, दादाची तेवढीच. मधली भिंत, ११५ ची वीट आणि दोन्हीकडे बारा-बाराचा गिलावा धरून, १३९. एकूण ७,२७५. चोवीस फूट म्हणजे ७,३१५. चाळीस मिलिमीटर, म्हणजे दीड इंच, गेले कुठे?

“दादाने टेप ढिला धरला असेल,” मी म्हणालो. पलीकडून निरोप आला, “त्याला म्हणावं, तुझंच माप चुकलंय.”

“टोक ओढून लाव झालं. कोपरा मिळेल,” मी वैतागून म्हणालो.

“कोपरा मिळेल हो, आबा, पण माप खोटं होईल. आणि भिंतीची जाडी एका बाजूने कळत नाही. तुम्ही दोघं मिळून मोजा.”

त्या भिंतीत छताखाली वाऱ्यासाठी एक झरोका सोडला होता. दोघांनीही तो आपापल्या बाजूने पुठ्ठा ठोकून बंद केला होता. मी पंचाहत्तरीचा, दादा एक्याऐंशीचा. दोघेही स्टुलांवर चढलो. इकडून आमच्या सौभाग्यवती आणि तिकडून वहिनी ओरडत होत्या. सत्तावीस वर्षांत दोन्ही घरांचे प्रथमच एकमत झाले होते.

पुठ्ठे निघाले. पलीकडे दादाचा चेहरा. चष्मा नाकावर घसरलेला, थेट वडिलांसारखा. मी टेपचे टोक आत सरकवले. त्याने ते धरले.

“किती?” त्याने विचारले.

“एकशे एकोणऐंशी.”

दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “अरे, ती भेग दिसू नये म्हणून मी वरून आणखी गिलावा मारून घेतला होता. वीसेक असेल.”

तेव्हा मला माझा आठवला. मीही तेच केले होते. वीस आणि वीस चाळीस. भेग एकच, दोघांनीही ती परस्परांना कळू न देता आपापल्या बाजूने झाकली होती, आणि भिंत तेवढी जाड झाली होती.

नातीने जाडी १७९ केली. बेरीज जुळली, कोपरे मिळाले.

“आता जॉइन करून टाकू का?” तिने मिस्कीलपणे विचारले.

“नको. आहे तसंच दाखव,” मी म्हणालो. नकाशाने खरे बोलावे. शिवाय, न जोडलेल्या भिंतीचा एक गुण असतो. ती काढली, तरी मूळ घराला धक्का लागत नाही.

पुठ्ठा अजून परत लावलेला नाही. काल रात्री झरोक्यातून चकलीच्या भाजणीचा वास येत होता. वहिनींनी ती यंदाही जरा जास्तच भाजली आहे. त्यांना तसे सांगावे, म्हणून आज मी पुन्हा स्टूल मांडले आहे.