लॉगबुकावरची सही

आम्ही मास्तर लोक. उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. डॉक्टरांच्या शिक्षणावर बोलण्याचा आम्हाला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. अधिकार एवढाच की आमच्या वर्गातून गेलेली एक मुलगी एम.एस. करून सर्जन झाली, आणि शिकवणे म्हणजे काय याची थोडीफार तालीम बी.एड.ला आम्ही घेतली आहे. शिवाय उद्या पोटात दुखू लागले तर तिच्यासारख्याच कुणाच्या तरी हाती आम्ही जाणार आहोत.

बी.एड.चे सराव पाठ ज्यांनी दिले त्यांना आठवत असेल. आदल्या रात्री पाठ टाचण लिहायचे, रंगीत खडू जमवायचे, आणि वर्गात उभे राहावे तो मागच्या बाकावर मार्गदर्शक प्राध्यापक वही उघडून बसलेले. पाय थरथरायचे. पण तास संपला की ते नेमके सांगायचे. तुमचे प्रश्न पहिल्या रांगेपलीकडे गेले नाहीत. फळ्याशी बोलू नका, मुलांशी बोला. ३५ मिनिटांच्या पाठासाठी एक जाणता माणूस ३५ मिनिटे बसून राहायचा. आणि आमचा पाठ फसला असता तरी कुणाचा जीव जाणार नव्हता.

आमच्या मुलीचे ऐका. नाव सांगत नाही. तिला याच व्यवस्थेत राहायचे आहे. पहिल्या वर्षी, रात्री तीनच्या सुमारास अपघाताचा एक रुग्ण आला. छातीत हवा भरलेली, नळी घालणे भाग होते. वरिष्ठ आत दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. हिने ते काम दोनदा पाहिले होते, केले कधीच नव्हते. फोनवर सूचना मिळाली, बरगडीच्या वरच्या कडेवरून जा. ती गेली. रुग्ण वाचला. "सर, तो वाचला म्हणून सगळ्यांनी धरून चालले की मला येते," असे ती ईदला घरी आली तेव्हा म्हणाली. "माझा हात कसा चालला ते कुणी पाहिलेच नाही."

पदव्युत्तर शिक्षणात प्रत्येकाला लॉगबुक ठेवावे लागते. कोणते ऑपरेशन नुसते पाहिले, कशात मदत केली, कोणते वरिष्ठांच्या देखरेखीखाली केले, कोणते स्वतंत्रपणे केले, याची त्यात नोंद करायची आणि शिक्षकांची सही घ्यायची. कल्पना उत्तम आहे, आमच्या टाचणवहीची थोरली बहीणच म्हणा. हिच्या लॉगबुकावर तीन वर्षांच्या सह्या शेवटच्या परीक्षेआधी एका दुपारी झाल्या. सही करणारे सर काही वाईट नव्हते. त्यांच्या ओपीडीबाहेर त्या दुपारी शेकडो माणसे बसली होती.

मग वरून कोणी पाहत नाही का? पाहतात. २०२० मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया बरखास्त होऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. तपासणीत खाटा मोजतात, प्राध्यापक मोजतात, रुग्णसंख्या पाहतात, आता हजेरीही आधारशी जोडलेली आहे. मोजणीचे काय होते ते आम्हा शाळावाल्यांना ठाऊक आहे. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली होती. कागदावरची मुले त्यात उघडी पडली, हे चांगलेच झाले. पण बाकावर खरोखर बसलेल्या मुलाला वाचता येते की नाही, हे शाईने कळत नाही. मेडिकल कॉलेजांतही कागदावरचे प्राध्यापक आणि तपासणीपुरते आणलेले रुग्ण असल्याच्या आरोपांवरून २०२५ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. खोटे मोजून खरे दाखवणे हा एक रोग झाला. खरे मोजूनही शिकवणे न दिसणे हा दुसरा, आणि त्याचा गुन्हा कुठेच नोंदत नाहीत.

कामाच्या तासांचे तेच. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा केंद्राने १९९२ मध्येच सांगितली होती, "कामाची निकड" ही पळवाट ठेवून. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने ७४ तासांपेक्षा जास्त नको, अशी शिफारस केली. ४८ वरून ७४ वर यावे लागले, यातच सगळे आले. झोपेने डोळे मिटत असलेल्या माणसाला शिकवता येत नाही. आमच्या दुपारच्या शेवटच्या तासाला या!

एक गोष्ट मात्र चांगली घडली. आता या मुलांना शिक्षणातले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ही रडतच गेली. राहण्याची सोय नीट नव्हती, मोठी यंत्रे नव्हती. पण तिथले सर्जन टेबलाच्या पलीकडे उभे राहायचे, चाकू हिच्या हाती द्यायचे आणि तोंडाने फक्त दोन शब्द बोलायचे: "थांब" आणि "चल". हर्नियाची ऑपरेशने ती तिथे शिकली. बाहेर आल्यावर चहा पिताना ते विचारायचे, आज कुठे घाबरलीस? आमच्या निरीक्षण वहीत हा प्रश्न नव्हता. असायला हवा होता.

ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांनाच विचारते, तुम्हाला शिकवतात का, रात्री मदतीला कोणी असते का. रुग्णालयवार उत्तरे जाहीर होतात. उत्तर देणारे तिघांपेक्षा कमी असतील तर निकाल झाकून ठेवतात, म्हणजे कोण बोलले ते कळू नये. आम्हाला ही शेवटची खबरदारी फार मोलाची वाटते. आपल्याकडे प्रबंधावर सही करणारे, रजा देणारे आणि प्रात्यक्षिक परीक्षेत समोर बसणारे बहुधा एकच असतात. त्यांच्याविषयी कोण बोलणार? आमच्या खानदेशातली, तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २०१९ च्या मे महिन्यात तिने जीव दिला. छळाबद्दल आपण आधीच सांगितले होते, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे. प्रकरण न्यायालयात गेले. आमच्या मुलीला एम.एस.ला प्रवेश मिळाला तेव्हा तिची अम्मी मिठाई घेऊन आली होती, आणि दारातच उभी राहून तिने आम्हाला पायलबद्दल विचारले होते.

सध्या ही मुलगी एका उपजिल्हा रुग्णालयात बंधपत्राचे वर्ष पुरे करते आहे. तिथे ती एकटीच सर्जन. परवा तिचा फोन आला होता. जिल्हा रुग्णालयातल्या त्या सरांना रात्री-अपरात्री फोन केला तर ते रागावतील का, असे विचारत होती. आम्ही म्हणालो, कर.