कोणत्या उजेडात?

गांधीबागेच्या कापड बाजारात ट्यूबलाइटखाली साडीशी तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस गिऱ्हाईक दारापाशी नेऊन पुन्हा पाहतं, आणि आत ‘सेम’ वाटलेले दोन रंग तिथे वेगळे निघू शकतात. मग डोळे फसले असं म्हणतात. मला हा डोळ्यांवरचा अन्याय वाटतो. रंग कापडात भरून ठेवलेला नसतो. पडलेल्या उजेडातला कोणता भाग शोषायचा आणि कोणता परतवायचा, एवढंच रंगद्रव्य ठरवतं. परतलेला उजेड डोळ्यांतल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी टिपतात आणि त्यांच्या एकत्रित प्रतिसादातून मेंदू रंग ओळखतो. दोन निराळी रंगद्रव्यं एखाद्या उजेडात या पेशींकडून सारखाच प्रतिसाद मिळवू शकतात. उन्हात सगळे वर्ण सलग असतात, ट्यूबलाइटमध्ये काही ठळक तर काही क्षीण; म्हणून उजेड बदलला की लपलेला फरक उघड होतो. आतलं दिसणंही खरं, दारातलंही खरं. अपुरं असतं ते आपलं विधान, कारण कोणत्या उजेडात, हे आपण सांगितलेलंच नसतं.

शेजारच्या रंगाचाही हात असतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात काळ्या धाग्यांबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा रसायनतज्ज्ञ शेव्रल यांना दिसलं की रंगाई ठीक आहे. बाजूच्या रंगांमुळे काळा उतरलेला वाटतो. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. धूपछाव साडीत तर विणकर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन पाहण्याच्या कोनानुसार रंग बदलेल असं मुद्दाम घडवतो, आणि तिचा खरा रंग कोणता, असा वाद कुणी घालत नाही.

मग उन्हातलाच रंग प्रमाण का धरू नये? कारण सकाळचं ऊन आणि ढगाळ दुपार यांचा उजेडही एक नसतो, आणि लग्नाच्या स्वागत समारंभातली साडी नेसली जाते रात्री, हॉलच्या दिव्यांखाली. रंग उजेडावर ठरतो असं मानलं तर कुठलाही रंग खपवायला दुकानदाराला मोकळं रान मिळेल, ही भीती मात्र मला पटत नाही. रंगद्रव्य किती उजेड परतवतं ते मोजता येतं आणि कोणत्या दिव्याखाली कापड कसं दिसेल तेही आधी सांगता येतं. कापड उद्योगाच्या प्रयोगशाळांत त्यासाठी लाइट बॉक्स असतो; एकच नमुना दिवसाच्या, दुकानाच्या आणि पिवळ्या उजेडात आळीपाळीने तपासतात. तसा एक मॅचिंगच्या प्रत्येक दुकानात हवा. गल्लीच्या आतल्या बाजूला, वरच्या मजल्यावर असलेल्या दुकानातून कापड उन्हापर्यंत नेणं प्रत्येक गिऱ्हाइकाला जमत नाही.