निफाडची थंडी, मळ्यातले दोन दिवस

मैत्रिणींनो, डिसेंबर लागला की वर्तमानपत्राच्या पानावर एक नाव हटकून दिसू लागते, ते म्हणजे निफाड. पारा इतका घसरला, अमुक वर्षांत इतकी थंडी नव्हती, वगैरे वगैरे. आपण हातातल्या चहाचा घोट घेत ती बातमी वाचतो, 'बाई गं!' म्हणतो आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातले स्वेटर काढायला लागतो. पण थंडी बघायला म्हणून कुणी निफाडच्या बाजूला जात नाही. थंडी म्हटली की महाबळेश्वर, नाहीतर माथेरान! हॉटेलचे भाडे, घोड्याचे पैसे, मुलांचे हट्ट, आणि परत आल्यावर महिनाभर हिशेबाची वही उघडायची भीती.

त्यापेक्षा यंदा एक करा. आपल्यापैकी कितीतरी जणींचे सासर किंवा माहेर नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असते. जाणे होते ते मे महिन्याच्या सुटीत, नाहीतर लग्नकार्याला. म्हणजे एकदा उन्हाच्या काहिलीत आणि एकदा माणसांच्या गर्दीत! गाव त्याच्या खऱ्या रूपात भेटतेच कुठे? ते भेटते मार्गशीर्ष आणि पौषात. दोन दिवस काढा आणि थंडीत जाऊन या.

नाशिकहून पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर निफाड आहे. मुंबई–भुसावळ रेल्वेमार्गावर निफाड आणि लासलगाव ही दोन्ही स्थानके लागतात. जवळच कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे. वर्तमानपत्रात येणारा तो थंडीचा आकडा बहुधा तिथलाच असतो. काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. याचे कारण सोपे आहे. हा सगळा भाग दख्खनच्या पठारावरचा, मोकळा नि सपाट. पाऊस संपला की आकाश निरभ्र होते, दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर आकाशाला देऊन टाकते, आणि उत्तरेचे वारे आले की मग विचारायलाच नको. गंमत अशी, की पहाटे दात वाजत असतात आणि दुपारी बारा वाजता अंगातला स्वेटर नकोसा होतो. तेव्हा मुलांना एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा एकावर एक घालता-काढता येतील असे दोन-तीन पातळ कपडे घ्या.

आता गावातल्या सकाळीचे म्हणाल, तर ती पाहायला लवकर उठायला हवे, बरं का! या भागात पुष्कळ घरे गावठाणात नसून आपापल्या मळ्यात असतात. त्यामुळे दार उघडले की समोर थेट शेतच. गव्हाच्या पात्यांवर दव, विहिरीच्या तोंडाशी वाफ. विहिरीचे पाणी थंडीत कोमट कसे लागते, असे मुले विचारतील. त्यांना सांगा, पाणी गरम झालेले नसते. जमिनीच्या पोटात ते वर्षभर साधारण सारखेच असते, बाहेरची हवाच गारठलेली असते. गोठ्यात गाईच्या नाकातून निघणारी वाफ, अंगणात बंबाचा धूर, आणि कुठेतरी लांबवर मोटारीचा आवाज. एवढीच काय ती सकाळ.

शेकोटी मात्र चुकवू नका. तुरीच्या काड्या, मक्याची रिकामी कणसे, कपाशीच्या पऱ्हाट्या, जे हाताशी येईल ते त्यात पडते. भोवती म्हातारी माणसे, मुले आणि एखादे कुत्रे. इथे कुणी मुद्दाम विषय काढीत नाही. बोलणे आपोआप निघते आणि आपोआप थांबते. शहरात पाहुणे गप्प बसले की आपल्याला कसेसेच होते आणि आपण उगीच 'आणखी काय?' म्हणत राहतो. शेकोटीपाशी गप्प बसलेल्या माणसाला कुणी तसे विचारीत नाही. हात पुढे करायचे, तळवे शेकायचे, उलटे करायचे, पुन्हा शेकायचे. वीस मिनिटे अशी गेलेली तुम्हाला शेवटची कधी आठवतात?

खाण्याचे तर काय सांगावे! चुलीवरची बाजरीची गरम भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, लसणाच्या पातीचा ठेचा. रात्री हुलग्याचे शेंगोळे, लसूण घालून उकळलेले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि तेव्हापासून शहरातल्या दुकानांत बाजरीची बिस्किटेही छान वेष्टनात दिसू लागली. गावातल्या बायकांना थंडीत बाजरी खा म्हणून कुणी सांगावे लागले नव्हते. सणच तसे बांधलेले आहेत. ज्यांच्या घरी खंडोबाचा कुळाचार, त्यांच्याकडे चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगे. निफाड तालुक्यातल्या ओझरला तर त्या दिवशी खंडोबाची मोठी यात्रा भरते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ती लेकुरवाळी भाजी: वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरे, शेंगदाणे, सगळे एकाच पातेल्यात. नीट पाहिलेत तर लक्षात येईल, की त्या आठवड्यात शेतात जे जे तयार असते तेच त्या भाजीत असते. ही भाजी आपण मंडईतून सहा पिशव्यांत आणतो. मळ्यातली बाई मात्र ती परकरी पोरीच्या हातात टोपली देऊन अर्ध्या तासात गोळा करते. संक्रांतीच्या सुमारास गेलात, तर येवल्याचीही वाट धरा. पैठणीसाठी आपण ते गाव ओळखतोच. पण भोगी, संक्रांत आणि करीचे तीन दिवस तिथले सारे गाव गच्चीवर असते आणि आकाश पतंगांनी भरलेले असते.

दुपारी शेतात फिरून या. हरभऱ्याच्या शेतात बायका शेंडे खुडताना दिसतील. ती भाजी तर होतेच, वर शेंडा खुडला की झाडाला फुटवे जास्त येतात आणि घाटेही वाढतात. म्हणजे एका कामात दोन कामे! हरभऱ्याचे पान जिभेला लावून पाहा, आंबट लागेल. पूर्वी बायका रात्री हरभऱ्यावर स्वच्छ धोतर पसरून ठेवीत, सकाळी ते दवाने भिजले की पिळून घेत. ही 'आंब' पोटदुखीवर आणि अजीर्णावर जपून ठेवलेली असे. आजच्या फवारण्यांच्या दिवसांत हा प्रयोग घरी करू नका. पण एखाद्या आजींना त्याबद्दल विचारा, आणि मग खुशाल तासभर ऐकत बसा. पौषाच्या शेवटी शेवटी गेलात तर हरभऱ्याचा हुळा नि गव्हाच्या ओंब्या, आणि सिन्नर-येवल्याच्या बाजूला ज्वारीचा हुरडाही मिळेल. गोवरीच्या आरात भाजायचा, हातावर चोळायचा, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायचा. बोटे काळी होतात, ओठ काळे होतात. होऊ द्या!

एक सकाळ नांदूरमध्यमेश्वरसाठी राखून ठेवा. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे बांधलेल्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना ती जागा आवडली. १९८६ साली ते अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत त्याचे नाव जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिलेच! थंडीत इथे चक्रवाक येतात, तलवार बदके, थापट्या आणि कधी रोहितही. पक्ष्यांची नावे पाठ नसली म्हणून काही बिघडत नाही. हजारो मैल उडून आलेला पाहुणा पाण्यावर शांत तरंगताना पाहायचा, एवढेच. मुलांना रंगीत भडक कपडे घालू नका आणि आवाज करू देऊ नका, म्हणजे झाले.

आणि रात्र? आठ वाजताच सगळे शांत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या अंगावर आल्या की कळते, की दुकानातली दुलई ऊब देते, पण असा जडपणा देत नाही. कुणाच्या लग्नातली साडी कुठल्या थरात आहे, ते घरातली वडीलधारी बाई बोटाने दाखवू शकते.

हे सारे वाचून तुम्ही म्हणाल, किती सुखाचे आयुष्य आहे बाई यांचे! इथेच थोडे थांबूया. आपल्याला गोड वाटणारी हीच थंडी त्या घराच्या काळजीची असते. द्राक्षबागांची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि ऐन थंडीत मणी फुगत असतात. पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. रात्रीचा गारठा आणि दुपारचे ऊन यांतला फरक वाढला की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते आणि व्यापारी भाव पाडून मागतो. म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले तुम्हाला दिसतील. पहाटे बागेत धूर दिसला तर ती काही हौसेची शेकोटी नव्हे. बागेतली हवा थोडी उबदार राहावी म्हणून घरातला माणूस तीन वाजता उठून जागोजाग जाळ करीत असतो. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या योजना आल्या आहेत, तरी पुष्कळ मळ्यांत रात्रीची पाळी अजून चुकलेली नाही. तेव्हा काकडत्या रात्री कांद्याला पाणी द्यायला जावे लागते, आणि आता उसाच्या आडोशाने बिबटे असतात. नवरा बॅटरी घेऊन बाहेर पडला की तो परत येईपर्यंत घरातल्या बाईचा डोळा लागत नाही.

आणि कांदा! डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळ कांद्याच्या लागणीचे दिवस. भिजवलेल्या वाफ्यात, घोट्याएवढ्या चिखलात वाकून, एकेक रोप बोटाने रोवायचे. हे काम बहुतेक बायकाच करतात. ज्या कांद्याचा भाव पाच रुपयांनी वाढला की आपण भाजीवाल्याशी हुज्जत घालतो, त्याची सुरुवात ही अशी गार पाण्यात होते. द्राक्षांच्या बागांतही पेठ-सुरगाण्याच्या बाजूची आदिवासी कुटुंबे हंगामभर कामाला येऊन राहतात. त्यांची मुले त्याच थंडीत, पण पातळ कपड्यांत असतात.

म्हणून जायचे नाही का? छे! जायचे तर नक्कीच, पण कसे जायचे ते ठरवून. या दिवसांत तुमची जाऊ किंवा वहिनी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत कामात असते. चार पाहुणे आले की तिच्या चुलीला आणखी वीस भाकऱ्या. 'राहू द्या ताई, बसा तुम्ही' असे ती म्हणेल. बसू नका. भाकरी थापता येत नसेल तर लसूण सोला, भांडी घासा, पाणी भरा. जाण्याआधी फोन करून लागणीचे दिवस कोणते ते विचारा आणि ते टाळा. निदान त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक आपल्याकडे घ्या. नेताना मिठाईचा पुडा नको, त्याऐवजी डिंकाचे लाडू घरून करून न्या. तिला स्वतःसाठी ते करायला सवड नसते. मुलांचे लहान झालेले, पण धड असलेले स्वेटर धुऊन, बटणे लावून घ्या. ते कुणाला द्यायचे ते तिलाच ठाऊक असते, तिच्या हातूनच ते दिले जाऊ द्या. बागेतला घड न विचारता तोडू नका. एकतर त्यावर फवारणी झालेली असू शकते, आणि दुसरे म्हणजे प्रत्येक घड त्यांच्या हिशेबात असतो. निघताना ती तुमच्या पिशवीत वाल, घाटे, कांदे आणि बाजरी भरील. नको म्हणू नका, पण कोंबकोंबून भरूनही घेऊ नका.

आणि एक शेवटचे. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघतो, चाळीत भरला जातो, आणि पाऊस पडेपर्यंत तिला थोडी उसंत मिळते. तेव्हा तिला आपल्याकडे बोलवा. नुसते 'या कधीतरी' असे नव्हे, तारीख ठरवून बोलवा आणि तिकीट पाठवा. ती आली की दोन दिवस तिला ओट्यापाशी फिरकू देऊ नका. सकाळी उशिरापर्यंत झोपू द्या, आणि चहा तिच्या हातात नेऊन द्या.